हरवलेला पासपोर्ट आणि डाकघरातील पासपोर्ट सेवा केंद्र : एका अर्जदाराचे परीक्षण

यंदा मिरगाच्या आधी दोन दिवस, मस्कतला मुलाकडे दोन महिने राहून परत येताना, मुंबई विमानतळ ते मालवण तालुक्यातील आमचे घर या वाटेत कुठेतरी माझा पासपोर्ट हरवला, आणि नवा पासपोर्ट पोस्टमनने हातात ठेवेपर्यंत सत्तेचाळीस दिवस गेले. या दिवसांत मला पाच ठिकाणांशी संबंध आला : पोलीस ठाणे, ऑनलाइन अर्ज भरून देणारे बाजारातले एक दुकान, पासपोर्टचे सरकारी संकेतस्थळ, डाकघरातील पासपोर्ट सेवा केंद्र आणि शेवटी टपाल. माझे मत आधीच सांगते. यांपैकी जे खरे सरकारी पासपोर्ट खाते, ते अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगले निघाले. त्रास झाला तो त्या खात्याच्या दारापर्यंत पोचण्याचा, आणि तो त्रास बहुतांशी एका कागदापायी आणि त्या कागदावरच्या एका शब्दापायी झाला. म्हणून या परीक्षणात त्या कागदाला जागा जास्त दिली आहे.

सरकारी मराठीत पासपोर्टला ‘पारपत्र’ म्हणतात. परंतु खुद्द पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरच देवनागरीत ‘पासपोर्ट’ असे छापलेले असल्यामुळे मीही तोच शब्द वापरते.

मी रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरले ती पहाटे. पाऊस लागला होता. तेथून रिक्षाने एसटी स्थानकापर्यंत, एसटीने मालवणपर्यंत आणि पुढे पुन्हा रिक्षाने घरी असा प्रवास झाला. पासपोर्ट, वाचायचा चष्मा आणि गुडघ्याच्या गोळ्या एका लहान कापडी पिशवीत होत्या. घरी येऊन सामान मोजले तेव्हा मोठ्या दोन बॅगा होत्या, खाऊचा डबा होता, पिशवी नव्हती. ती गाडीतच राहिली, कोणी उचलली, की रिक्षा-एसटीच्या चढउतारात पडली, हे मला सांगता येत नव्हते, आणि नेमके हेच पुढे सर्वांनी विचारले.

हरवल्याचे लक्षात आल्यावर पहिल्या तासाभरात जे उपयोगी पडले ते सांगते. मुलाने माझा व्हिसा काढताना पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानांचे फोटो मागवले होते, ते त्याच्या फोनमध्ये होते. पहिल्या पानावर पासपोर्टचा क्रमांक, म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात अंक, तसेच दिल्याची तारीख आणि ठिकाण असते. शेवटच्या पानावर आईवडिलांचे आणि जोडीदाराचे नाव, पत्ता आणि जुन्या अर्जाचा फाइल क्रमांक असतो. पुढच्या प्रत्येक कागदावर हा तपशील लागतो. ज्यांच्याकडे अशी छायाप्रत नाही त्यांनी जुना व्हिसा किंवा विमानाची तिकिटे धुंडाळावीत. क्रमांक बहुधा कुठेतरी सापडतो. आमच्या यजमानांचा पासपोर्ट पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसह ठेवलेला असतो आणि त्याची एकही प्रत घरात नव्हती. त्याच संध्याकाळी ती काढून घेतली.

आता त्या कागदाकडे येते. हरवलेल्या पासपोर्टच्या बदल्यात नवा मागताना अर्जासोबत पोलिसांचा मूळ अहवाल लागतो. आमच्याकडे त्याला सर्रास ‘मिसिंगचा दाखला’ म्हणतात. मी ज्या ठाण्यात प्रथम गेले तेथील हवालदारांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि विचारले, “काकी, पिशवी नेताना कोणाक बघितलात काय?” मी नाही म्हटले. “मग चोरी कशी म्हणतास?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, तरीही चोरीचीच नोंद व्हावी असा माझा आग्रह होता, कारण प्रवासात पिशवी गेली म्हणजे चोरांनीच नेली असे माझ्या मनाने घेतले होते. त्यांनी गाडीतली घटना म्हणून मला दुसऱ्या ठाण्याकडे जायला सांगितले. दुसऱ्या ठाण्याने, घरी आल्यावर कळले ना, मग तुमच्याच हद्दीत जा, असे सांगितले. पावसात दोन दिवस आणि दोन एसटीच्या फेऱ्या यात गेल्या.

या टोलवाटोलवीबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी मागे घेत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणी दिली तर घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, ती नोंदवून घेतली पाहिजे, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, आणि खबर देणाऱ्याला त्या नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ‘झिरो एफआयआर’ म्हणतात तो हाच. म्हणजे खरोखरच डोळ्यांदेखत चोरी झालेल्या माणसाला हद्दीच्या कारणावरून परत पाठवता येत नाही. माझे प्रकरण तसे नव्हते, पण गहाळ वस्तूची साधी नोंद करायलाही दोन ठाणी हिंडावी लागू नयेत.

शब्दाबाबत मात्र त्या पहिल्या हवालदारांचे म्हणणे बरोबर होते आणि माझे चूक होते, हे इथेच कबूल करते. ‘गहाळ’ आणि ‘चोरी’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. चोरी म्हटली की गुन्हा, गुन्हा म्हटला की तपास, जबाब, पंचनामा. आणि पुढे पासपोर्टच्या अर्जावर मी स्वतःच्या सहीने जे लिहून देणार ते या नोंदीशी जुळले पाहिजे. पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम १२ प्रमाणे पासपोर्ट मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती दडवणे हा गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे लिहिण्यात काहीच फायदा नाही. पासपोर्टचे शुल्क दोन्ही प्रकारांत सारखेच आहे. आमच्या शेजारच्या वाडीतील एका मुलाने, चोरी लिहिले की काम लवकर होते, या ऐकीव माहितीवर तसे लिहून दिले होते आणि जबाबासाठी त्याला रत्नागिरीहून रजा काढून दोनदा यावे लागले. पुढे तर माझी पिशवी सापडली, आणि ती कोणी चोरलेली नव्हती. तो भाग शेवटी येईल.

अखेर आमच्या हद्दीतील ठाण्यात गहाळ म्हणून नोंद झाली आणि दाखला मिळाला. दाखला हातात आल्यावर तो तिथेच उभे राहून वाचावा. माझ्या पहिल्या दाखल्यात पासपोर्टचा एक अंक चुकला होता आणि हरवल्याच्या तारखेऐवजी नोंदीची तारीख पडली होती. ठाण्यातील लेखनिक भगिनींनी कुरकुर न करता दुसरा लिहून दिला, याचे श्रेय त्यांना देते. नाव पासपोर्टवर होते तसेच, पासपोर्टचा पूर्ण क्रमांक, हरवल्याची तारीख, अंदाजे ठिकाण, नोंद क्रमांक, ठाण्याचा गोल शिक्का आणि सही, एवढे त्यात असले की पुढे कोणी अडवत नाही. ‘कुडाळ ते मालवण प्रवासादरम्यान’ अशी शब्दरचना आम्ही दोघींनी मिळून ठरवली आणि मी तीच सर्वत्र ठेवली. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूंची ऑनलाइन नोंद करण्याची सोय आहे, हे मला माहीत होते. परंतु पासपोर्टसाठी शिक्क्याचा मूळ कागदच हाती असावा म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

दुसरा टप्पा बाजारातल्या दुकानाचा. एसटी स्थानकाजवळ झेरॉक्स, रेल्वे आरक्षण, सातबारा उतारे आणि ‘पासपोर्टची सर्व कामे’ असा फलक असलेले दुकान प्रत्येक तालुक्याच्या गावी असते. आमच्याकडेही आहे, आणि त्याचे नाव मी लिहीत नाही. या परीक्षणातील सर्वांत कमी गुण त्या दुकानाला. दुकानदारांनी अर्ज भरण्याचे आठशे रुपये सांगितले, ते मी मान्य केले. पण त्यावर हरवल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागेल, त्यासाठी पाचशे रुपयांचा मुद्रांक, नोटरीचे वेगळे आणि टंकलेखनाचे वेगळे असा हिशेब मांडला. मुद्रांकाचा दर त्यांनी वाढवून सांगितला असे नाही. राज्यात शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचा मुद्रांक ऑक्टोबर २०२४ पासून झाला आहे. प्रश्न असा की मुद्रांक लागतोच कुठे? डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम सोपे केले तेव्हा जोडपत्रांची संख्या पंधरावरून नऊवर आणली आणि ही सर्व जोडपत्रे साध्या कागदावर स्वयंघोषणा म्हणून द्यावीत, नोटरी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर शपथ घेण्याची गरज नाही, असे जाहीर केले. इतकी वर्षे उलटूनही आमच्या बाजारात ती बातमी पोचलेली नाही, किंवा पोचून ती कोणाच्या सोयीची नाही. मी मुलाला फोन करून खात्री केली, साध्या कागदावर स्वतःच्या अक्षरात घोषणापत्र लिहिले आणि ते केंद्रावर विनातक्रार स्वीकारले गेले.

हे घोषणापत्र म्हणजे त्या जोडपत्रांपैकीच एक, परिशिष्ट ‘एफ’. पासपोर्ट कसा आणि कुठे हरवला, पोलिसांत नोंद केव्हा आणि कोणत्या ठाण्यात केली, यापूर्वी किती पासपोर्ट हरवले, त्या पासपोर्टवर प्रवास केला असल्यास विमानाचा क्रमांक, भारतात परतल्याची तारीख आणि ठिकाण, असे त्यात विचारले आहे. निवास बदलून मायदेशी येणाऱ्यांना सामानावर मिळणाऱ्या सीमाशुल्क सवलतीचाही त्यात उल्लेख आहे. आखातातून फ्रिज आणि टेपरेकॉर्डर घेऊन लोक उतरत त्या काळाची ती आठवण असावी. हरवलेला पासपोर्ट पुढे सापडल्यास तो जमा करीन, अशी हमीही त्यात आहे. ती हमी मी सही करताना वाचली नव्हती, असे प्रामाणिकपणे सांगते.

दुकानाबाबतची दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. दुकानातील मुलाने अर्ज भरताना ‘पुनर्वितरण’ऐवजी ‘नवीन पासपोर्ट’ हा पर्याय निवडला होता. नव्या पासपोर्टला छत्तीस पानांसाठी १,५०० रुपये पडतात आणि हरवलेल्याच्या बदल्यात ३,०००; साठ पानांची पुस्तिका हवी असेल तर ३,५००. दुकानातील त्या मुलाच्या मते त्याने माझे पैसे वाचवले होते. आधीचा पासपोर्ट होता ही गोष्टच दडवून नवा मागणे म्हणजे वर सांगितलेल्या कलमात आपण होऊन पाय घालणे, हे त्याच्या गावीही नव्हते. पैसे भरण्यापूर्वी पडद्यावरचा मजकूर मी वाचून दाखवायला सांगितला म्हणून ते कळले. त्यानंतर मी दुकानातून उठले आणि रात्री भाचीला बसवून घरीच अर्ज भरला.

संकेतस्थळाबद्दल मोजकेच लिहिते. सरकारी संकेतस्थळ ‘पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन’ हे एकच आहे. शोधायला गेले की तसेच दिसणारी खासगी स्थळे वर येतात आणि पैसे घेतात, म्हणून पत्ता नीट टंकावा. अर्ज मराठीत भरता येत नाही, ही उणीव मला मोठी वाटते. मराठी शाळेत शिकलेली पण आपले व्यवहार आपण करणारी माणसे केवळ यासाठी त्या दुकानात जातात. शुल्क आधी ऑनलाइन भरल्याशिवाय भेटीची वेळ मिळत नाही. आमच्या गावात पहिल्या पावसाने वीज गेली की मोबाइलचा मनोराही गप्प होतो, त्यामुळे पैसे गेले आणि पावती नाही असा प्रकार एकदा झाला. दोन तासांनी पुन्हा पाहिले तेव्हा नोंद झालेली होती, दुसऱ्यांदा भरण्याची घाई केली नाही हे बरे झाले. १८००-२५८-१८०० हा मदतीचा विनाशुल्क क्रमांक चालू असतो. पलीकडच्या मुलीने मराठीत उत्तरे दिली आणि माहीत नव्हते तिथे विचारून सांगितले. घेतलेली वेळ बदलता येते, पण वर्षभरात तीनदाच. कोकणात जून-जुलैमध्ये वेळ घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, कारण घाटात दरड आली की एसटी तुम्हाला विचारून थांबत नाही.

पत्त्याचा घोळ हा आपल्या भागाचा खास विषय आहे. जुन्या पासपोर्टवर माझा पत्ता घर क्रमांक, वाडी, मुक्काम पोस्ट, तालुका असा होता आणि आधारवर वाडीचे नावच नव्हते. विजेचे बिल आजही सासऱ्यांच्या नावे येते, त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. घरपट्टी थोरल्या दिरांच्या नावे आहे. कोकणातल्या सामायिक घरात सुनेच्या नावावर एकही कागद नसतो, याचा अनुभव अशा वेळी येतो. मी आधारवर वाडी चढवून घेतली, त्यात नऊ दिवस गेले. ते टाळायचे असते तर यजमानांच्या पासपोर्टची प्रत चालली असती, कारण त्यावर पत्नी म्हणून माझे नाव आहे आणि पत्ता तोच आहे. हे मला केंद्रावर गेल्यावर समजले.

आता केंद्राविषयी. डाकघरांत पासपोर्ट केंद्रे उघडण्याची योजना जानेवारी २०१७ मध्ये म्हैसूर आणि दाहोद येथून सुरू झाली. त्यापूर्वी पासपोर्ट म्हटला की आमच्या भागातील माणसाला मुंबईची फेरी, रात्रीची गाडी आणि नातेवाइकांकडे मुक्काम, हे ठरलेले होते. आता सकाळच्या एसटीने जाऊन दुपारच्या एसटीने परतता येते. माझी वेळ पावणेअकराची होती, आत घेतले ते अकरा वाजता. पोस्टाच्या नेहमीच्या खिडक्यांच्या मागे एक लहानशी खोली, दोन टेबले, एक कॅमेरा, बोटांचे ठसे घेण्याचे यंत्र. मूळ कागद तपासले, स्कॅन केले, फोटो तिथेच काढला, ठसे घेतले. ‘हरवला’ म्हटल्यावर समोरच्या अधिकाऱ्यांनी घोषणापत्र आणि पोलिसांचा दाखला शेजारी-शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. तारीख, ठिकाण, क्रमांक. मग एकच प्रश्न केला, “याआधी कधी हरवला होता का, मॅडम?” नाही म्हटल्यावर पुढे गेले. ज्या शब्दासाठी मी ठाण्यात भांडत होते, तो तिथे कोणी दुसऱ्यांदा वाचलाही नाही. तो दोन्ही कागदांवर सारखा आहे एवढेच पाहिले.

माझ्यामागे देवगडकडचा एक तरुण होता, पहिल्यांदाच आखातात निघालेला. त्याने दहावीचे प्रमाणपत्र आणले नव्हते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली सौदी, कुवेत, ओमान, अमिराती, कतार यांसह अठरा देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर, उत्प्रवासाची तपासणी आवश्यक, असा शेरा येतो, आणि तो टाळायचा तर दहावी उत्तीर्ण असल्याचा पुरावा हवा. मी पन्नाशी ओलांडलेली असल्याने मला तो नियम लागू नव्हता. त्या मुलाला अधिकाऱ्यांनी नीट समजावले, शेरा पडू द्यायचा की कागद घेऊन पुन्हा यायचे हे त्याच्यावर सोडले आणि घाई केली नाही. सरकारी खोलीत असे दृश्य पाहायला मिळाले म्हणून मुद्दाम लिहिले.

उणिवाही आहेत. थांबायला जागा नाही. वयस्कर माणसे पोस्टाच्या पायऱ्यांवर, पागोळ्यांखाली बसतात. झेरॉक्सची सोय आवारात नाही आणि एक प्रत कमी पडली की छत्री उघडून रस्ता ओलांडावा लागतो. मी असताना पंचवीस मिनिटे नेटवर्क गेले, आणि ते केव्हा येईल हे तिथे कोणालाच सांगता येत नव्हते. कागद परत करण्यापूर्वी पडद्यावरचा मजकूर तपासायला देतात, तो चष्मा लावून वाचावा. माझ्या गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडले होते, ते तिथेच दुरुस्त झाले.

पोलीस पडताळणीसाठी आठव्या दिवशी ठाण्यातून फोन आला. पोलीस पाटलांसमक्ष चौकशी झाली, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या, आणि शिपाईदादांनी चहा घेतला, दुसरे काही घेतले नाही. आमचे घर वर्षभर उघडे असते म्हणून हे सरळ झाले. ज्यांचे घर गणपती आणि शिमग्यालाच उघडते त्या चाकरमान्यांनी गावचा पत्ता देण्याचा मोह टाळावा. जून २०१८ पासून अर्ज देशातील कोणत्याही केंद्रात करता येतो, म्हणजे मुंबईत राहणारा माणूस गावी सुटीला आलेला असताना इथल्या केंद्रात जाऊ शकतो. पडताळणी मात्र अर्जात दिलेल्या राहत्या पत्त्यावरच होते, आणि कुलूप लावलेल्या पडवीसमोर पोलीस उभा राहिला तर प्रतिकूल अहवाल जातो. माझ्या चुलत जावेच्या बाबतीत गेल्या वर्षी हेच झाले.

नवी पुस्तिका स्पीड पोस्टाने आली. पोस्टमनने आधार पाहून माझ्याच हातात दिली. यजमान पुढे झाले तर त्यांना थांबवले, ते मला आवडले. मुखपृष्ठावर ‘पासपोर्ट’ या शब्दाखाली लहानसे सोनेरी चिन्ह आहे. आत चिप असलेला हा ई-पासपोर्ट. पासपोर्ट आपल्या नाशिकच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापले जातात, हे भाचीला सांगितले तेव्हा तिला नोटांचेच नाशिक माहीत होते. एकूण खर्च शुल्काचे ३,००० रुपये, एसटीच्या फेऱ्या आणि दुकानात दिलेले दीडशे, जे परत मागायला मी गेले नाही.

या सेवेत एक गोष्ट येत नाही, तीही सांगितली पाहिजे. पुस्तिका नवी मिळते, तिच्यातले व्हिसे मिळत नाहीत. माझा व्हिसा ई-व्हिसा होता आणि संपलेलाही होता. पण आमच्या किनाऱ्यावर घरटी एखादा जहाजावर असतो; त्याच्या पासपोर्टात अमेरिकेचा खलाशांचा सी-वन-डी व्हिसा चिकटवलेला असेल तर तो पासपोर्टबरोबर गेला, दूतावासाला कळवून त्याचा अर्ज नव्याने करावा लागतो, आणि बॅगेत खलाशाची सीडीसी, म्हणजे जहाजावरील नोकरीची नोंदपुस्तिका, असेल तर तिचे काम वेगळे. परदेशात असताना पासपोर्ट गेला तर तिथल्या पोलिसांची नोंद घेऊन भारतीय दूतावास गाठायचा. परतीच्या एका प्रवासापुरते जे आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते त्याला आखातातले आपले लोक ‘आउटपास’ म्हणतात. तो घेऊन पुन्हा तिथे परत जाता येत नाही. नोकरी चालू असणाऱ्याने हे समजून मगच तो घ्यावा.

पिशवी ऑगस्टमध्ये सापडली. कुडाळच्या त्या रिक्षावाल्या दादांनी गणपतीच्या गर्दीआधी रिक्षा दुरुस्तीला लावली, मागची सीट काढली तर फटीत माझी पिशवी, पासपोर्ट आणि मुरलेल्या गोळ्यांसकट. पासपोर्टच्या शेवटच्या पानावरच्या पत्त्यावरून ते घर शोधत आले. घरातल्या सर्वांना वाटले की आता दोन पासपोर्ट झाले, एक ठेवून देऊ. तसे चालत नाही. हरवल्याची नोंद होऊन बदली पासपोर्ट मिळाला की जुना रद्द होतो, आणि इंटरपोल २००२ पासून हरवलेल्या आणि चोरीच्या प्रवासी कागदपत्रांची जी नोंद ठेवते तीत असा क्रमांक असला तर कोणत्याही विमानतळावर अडकवून ठेवतील. परिशिष्ट ‘एफ’मधली ती न वाचलेली हमी तेव्हा भाचीने मोठ्याने वाचून दाखवली. मी लेखी अर्जासह जुना पासपोर्ट केंद्रात नेला. सापडलेला पासपोर्ट कोणाकडे द्यायचा याचा फलक तिथे कुठेही नाही आणि पहिल्या टेबलावरच्या मुलालाही ते विचारून यावे लागले; केंद्राचे मी जे गुण कापते ते इथे. अर्धा तास बसल्यावर पोच मिळाली. ठाण्यातही एक अर्ज दिला, नोंदीच्या वहीत ‘सापडला’ असा शेरा त्या लेखनिक भगिनींनी माझ्यासमोर लिहिला.

दादांनी बक्षीस घेतले नाही, सोलकढी मात्र दोन वाट्या घेतली. पिशवीतल्या गोळ्या टाकून दिल्या. चष्म्याची काडी वाकली आहे, पण काचा शाबूत आहेत, आणि हा मजकूर मी तोच लावून लिहिला आहे.